वाटेतलं एक भोक

वाटेच्या बरोबर मधोमध भोक होतं. मांडीपर्यंत पाय जाईल एवढं खोल, वरून बुटाच्या आकाराचं, आतून काचेसारखं गुळगुळीत, आणि तळाशी एक काळी प्लास्टिकची चकती. ट्रेकिंगच्या काठीला टोकाच्या वर बसवलेली असते ना, ती. चहाच्या कपाच्या बुडाएवढी, म्हणजे उन्हाळ्यातली. मार्चचा तिसरा आठवडा, दुपारचे दोन, अमेरिकेतल्या व्हर्माँटमधला कॅमल्स हम्प हा डोंगर, बरोज ट्रेल या वाटेवर, हट क्लिअरिंग नावाच्या झाडीतल्या मोकळ्या जागेच्या थोडं खाली. भोक आदल्या दिवशीचं असावं, कारण कडा रात्रीच्या थंडीने टणक झाल्या होत्या. उतरणारी माणसं त्याला वळसा घालत होती, आणि वळसा घालताना कडेच्या मऊ बर्फात पाय जाऊन शेजारी दुसरं भोक पडत होतं. अर्ध्या तासात एकाची तीन झाली. एकाने खाली वाकून चकतीकडे पाहिलं, मान हलवली आणि तोही वळसा घालून निघून गेला.

भोक वाचता येतं, हे या डोंगरांत फिरणाऱ्यांना ठाऊक असतं. बुटाचा पुढचा भाग दरीकडे होता, म्हणजे माणूस उतरत होता. टाचेकडची भिंत खरवडलेली, म्हणजे पाय एकदम आत गेला आणि मग ओढून काढावा लागला. भिंती गुळगुळीत, म्हणजे पाय रुतला तेव्हा बर्फ ओला होता: दुपार. आजूबाजूला स्नोशूचा, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधतात त्या रुंद चौकटीचा, ठसा नाही. आणि ती उन्हाळी चकती. बर्फासाठी काठीला जवळजवळ हाताच्या पंजाएवढी रुंद चकती लावावी लागते, नाहीतर काठी आधार देण्याऐवजी मुठीपर्यंत आत जाते. याची काठी तशीच गेली असणार, वर ओढताना चकती आत राहिली असणार, आणि मांडीभर बर्फात अडकलेला माणूस चकती शोधायच्या मनःस्थितीत नसतो. इथे या प्रकाराला पोस्टहोलिंग म्हणतात. कुंपणाचा खांब रोवायला जसा अरुंद, खोल खड्डा घेतात, तसा दर पावलाला एक.

सकाळी आठला तो माणूस बरोबर होता. चुकला तो दुपारी एकला.

मार्चमधल्या डोंगराचं हेच अवघड आहे. सकाळी उणे आठ असताना ही वाट फरशीसारखी असते. स्नोशू घातले तर नुसता खडखडाट. मायक्रोस्पाइक्स पुरतात, म्हणजे रबरी पट्ट्याने बुटावर चढवायची साखळी आणि तिचे सेंटिमीटरभर दाते. पण बरोज ट्रेल डोंगराच्या पश्चिम अंगाने चढते, खालचं सगळं रान मेपल, बीच आणि पिवळ्या बर्चचं, आणि मार्चमध्ये त्याला एक पान नसतं. बारा वाजल्यानंतर ऊन अडवायला काहीच उरत नाही. वरचा पाच-सहा इंचांचा कडक थर पाण्याने सुटत जातो. वाटेच्या अगदी मधल्या भागात, जिथे महिनोन्महिने लोक चालले आहेत, तिथे पाय टिकतो. तिथून चार बोटं बाजूला पडला की धप्प. ऐंशी किलोचा माणूस पाठपिशवीसकट एका बुटावर उभा राहतो तेव्हा सगळा भार साधारण तीनशे चौरस सेंटिमीटरवर येतो. पंचवीस इंची स्नोशूवर तोच भार चारपट जागेत पसरतो. गणित एवढंच आहे, आणि ते सकाळी कुणालाच पटत नाही. दोन किलोची जोडी पाठीला बांधून चार तास चढायचं, फक्त उतरताना तासभर लागेल म्हणून? गाडीच्या डिकीत ठेवलेले स्नोशू ही या डोंगरातली सगळ्यात सामान्य गोष्ट आहे.

बर्लिंग्टनहून हे सगळं तासाभराच्या आत आहे. व्हर्माँट राज्यातलं हे सगळ्यात मोठं शहर, पण शहराची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आजूबाजूची गावं धरली तर दोन लाखांच्या वर. पश्चिमेला लेक शँप्लेन, पूर्वेला ग्रीन माउंटन्स, आणि ऑफिस सुटल्यावरही कुठेतरी पाय घालता येईल अशा जागा. ज्यांनी स्नोशू कधी घातलेलेच नाहीत त्यांनी आधी माउंट फायलोला जावं. १९२४ सालचं, राज्यातलं पहिलं स्टेट पार्क. उंची जेमतेम २९५ मीटर. हिवाळ्यात वरपर्यंतचा डांबरी रस्ता गाड्यांना बंद, त्यामुळे रस्त्यानेच चढता येतं आणि वाट चुकायला वावच नाही. वर उभं राहिलं की तळ्यापलीकडे न्यूयॉर्क राज्यातली अ‍ॅडिरोंडॅक डोंगरांची रांग. त्यानंतर विलिस्टनचं कॅटामाउंट जंगल, हंटिंग्टनमधलं ऑडबन या पक्षिसंरक्षण संस्थेचं रान, किंवा स्मगलर्स नॉचचा हिवाळ्यात बंद होणारा घाटरस्ता. जिथे स्कीच्या दोन समांतर चऱ्या आखलेल्या असतात तिथे त्यांवर स्नोशू घालून चालू नये, कडेने चालावं. हे कुणी सांगेपर्यंत कळत नाही, आणि जो सांगतो तो बहुतेक वेळा चिडलेला असतो.

कॅमल्स हम्प मात्र या सगळ्यांच्या पुढची पायरी. उंची १,२४४ मीटर, पण बर्लिंग्टनच्या रस्त्यांवरून पाहिलं तर दोन्हीकडे तुटलेला तो एकटा खांदा मॅन्सफिल्डपेक्षाही, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात उंच डोंगरापेक्षाही, जास्त लक्ष वेधतो. फ्रेंचांना तो बसलेल्या सिंहासारखा दिसला. १७९८ च्या नकाशात इंग्रजी नावाचा अर्थ चक्क ‘उंटाचं ढुंगण’ असा होता. पुढे १८३० च्या सुमारास कुणाला तरी लाज वाटली आणि त्याचं वशिंड झालं. हंटिंग्टनच्या बाजूने बरोज ट्रेलने हट क्लिअरिंगपर्यंत सव्वातीन-साडेतीन किलोमीटर, तिथून लाँग ट्रेलने माथ्यापर्यंत अर्धा किलोमीटर. अंतर वाचून फसू नये. चढाई साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि शेवटचा टप्पा उघड्यावर, वाऱ्यात. नुकताच फूटभर बर्फ पडला असेल आणि पुढे कुणी गेलेलं नसेल, तर उन्हाळ्यातला दोन तासांचा चढ सहज चार तास घेतो. डिसेंबरात सूर्य सव्वाचारला मावळतो. एक वाजला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी.

आपल्याकडे ‘मळलेली वाट’ म्हणतो, आणि ‘मळलेली वाट सोडून चालणारा’ ही स्तुती असते. बर्फात हा वाक्प्रचार शब्दशः खरा होतो आणि त्यातली स्तुती गळून पडते. इथे वाट खरोखरच मळावी लागते, कणीक मळतात तशी, वजनाने. बर्लिंग्टनपासून जवळच जेरिको नावाचं गाव आहे. तिथल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला, आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत पाच हजारांच्या वर कण काचेवर टिपले. त्या फोटोंतल्या सहा नक्षीदार फांद्या सगळ्यांना आठवतात. वाट मळताना पहिल्यांदा त्या फांद्याच मोडतात. फांद्यांमुळे कण एकमेकांपासून दूर राहतात आणि मध्ये हवा असते. ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त जागा हवेचीच. स्नोशूखाली फांद्या तुटतात, तुकडे जवळ येतात, आणि मग ते आपले आपण एकमेकांना चिकटायला लागतात. वितळून पुन्हा गोठायची गरज नसते. उणे दहालाही कणांच्या स्पर्शाच्या जागी बारीक माना तयार होतात. म्हणून ताज्या वाटेवरून लगेच मागे फिरलात तर ती मऊच लागते, पण तासाभराने आलात तर तीच वाट वेगळी असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर मायक्रोस्पाइक्सवाला टणाटण चालत जातो. त्याला वाटतं, डोंगरच असा आहे.

वाट पाडणारा वेगळा, मळणारे वेगळे. आणि लावणारेही असतात.

पाडणाऱ्याचं काम रटाळ आणि दमवणारं. गुडघाभर बर्फात प्रत्येक पाऊल आधी वर उचलायचं, मग पुढे, मग दाबायचं आणि क्षणभर थांबायचं. तो थांबायचा क्षण नवशिके खातात. थांबलं की बर्फ बसतो, न थांबता पुढचा पाय उचलला की मागचा आणखी खाली जातो. पाच-दहा मिनिटांनी पुढच्याने बाजूला व्हायचं, बाकीच्यांना जाऊ द्यायचं आणि शेवटी लागायचं. दुसऱ्याने पहिल्याच्या ठशांत पाय टाकू नये, दोन ठशांच्या मधल्या उंचवट्यावर टाकावा. सगळेच ठशांत चालले तर वाट होत नाही, शिडी होते. आणि ती शिडी गोठली की उतरताना घोटे मोडतात. मागे पाऊल टाकायचं नाही, कारण स्नोशूचं शेपूट बर्फात घुसतं आणि माणूस बसकण मारतो. वळायचं असेल तर छोटं अर्धवर्तुळ घ्यायचं. या चढावर बांधणीखालचा, म्हणजे बूट स्नोशूला जखडणाऱ्या पट्ट्यांखालचा, तारेचा टेकू टाचेखाली उभा करायचा, नाहीतर तासाभरात पोटऱ्या भरून येतात. माथ्यावर पोचल्यावर तो आठवणीने पाडायचा. टेकू उभा ठेवून उतरायला लागलेला माणूस पहिल्या पंधरा पावलांत तोंडावर पडतो. उतरताना गुडघे सैल, वजन टाचेच्या दात्यांवर. मागे रेलायचं नाही, तसं रेललं की स्नोशूचं घसरगाडं होतं.

स्नोशू घेताना दुकानदार मोठं माप सुचवतो. इथल्या रानात ते उपयोगाचं नाही. तीस इंची स्नोशू मोकळ्या माळावर छान तरंगतो, पण या दाट झाडीतल्या, दगडांमधून वळणाऱ्या वाटेवर तो सतत दुसऱ्या पायावर पडतो. पाठपिशवीसकट नव्वद किलोपर्यंत पंचवीस इंची पुरतो, साठ-पासष्ट किलोच्या माणसाला बावीस इंची. त्याहून महत्त्वाचे आहेत दाते: पंजाखाली आणि टाचेखाली तर हवेतच, पण कडेनेही हवेत. गोल अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची चौकट सपाटीवर ठीक. तिरक्या, कडक उतारावर ती कडेने घसरते. बांधणीचे पट्टे गाडीजवळच, हातमोजे घालून, दोन-तीनदा लावून-काढून पाहावेत. वर वाऱ्यात उघड्या बोटांनी बकल लावायची वेळ आली की बोटं मिनिटभरात ऐकेनाशी होतात.

बाकीच्या गोष्टी अनुभवी माणसं न बोलता करतात, म्हणून नव्याला दिसत नाहीत. निघताना जाडं जॅकेट काढून पिशवीत टाकणं आणि पहिली दहा मिनिटं कुडकुडत चालणं, कारण या थंडीत घाम हा बर्फापेक्षा मोठा शत्रू. अंगाशी सुती कपडा नाही. भिजला की सुकत नाही आणि थांबलात की अंगावर गारठून बसतो. पाण्याची बाटली पिशवीत उलटी, कारण पाणी वरून गोठायला लागतं. उलटी ठेवली तर बर्फ बुडाशी जमतो आणि झाकण उघडतं. नळीने पाणी प्यायची पिशवी घरीच बरी, नळी पहिल्या तासात गोठते. फोन आतल्या खिशात, छातीशी. घरचा बेसनाचा लाडू न्यायचा असेल तर तोही तिथेच. उणे पंधराला त्यातलं तूप असं थिजतं की दाताने तुकडा पडत नाही.

साडेसातशे-आठशे मीटरच्या वर रान बदलतं. पानगळीची झाडं मागे पडतात, पांढरे बर्च येतात, मग नुसती सूचिपर्णी झाडं, स्प्रूस आणि बाल्सम फर. उन्हातून एकदम देवघरात गेल्यासारखं वाटतं. अंधुक, बंद, आणि राळेचा वास. इथे पायाखाली मीटर-दीड मीटर बर्फ असतो, म्हणजे तुम्ही जमिनीपासून तेवढ्या उंचीवर चालत असता. उन्हाळ्यात डोक्यावरून जाणाऱ्या फांद्या आता छातीशी येतात. खुणा डोळ्यांसमोर असायच्या त्या गुडघ्याशी असतात, किंवा गाडलेल्या. आपल्या सह्याद्रीत दगडावर रंगवलेले बाण असतात, तशा इथे झाडांवर रंगाच्या उभ्या पट्ट्या, पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा उंच. फाट्यांवरच्या वाटांना निळ्या. पण लाँग ट्रेलला, १९१० ते १९३० या वीस वर्षांत ग्रीन माउंटन क्लबने बांधलेल्या त्या ४३८ किलोमीटरच्या मूळ वाटेला, पांढऱ्या. वाऱ्याने बर्फ थापलेल्या खोडावर पांढरी पट्टी शोधून पाहा. उन्हाळ्यात रंग ठरवला की काय, असं दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणतंच.

आणि इथेच दुसऱ्या जातीचं भोक असतं, कुणीच न पाडलेलं. छोट्या फरच्या खालच्या फांद्या बर्फ झेलतात, त्यांच्याखाली पोकळी राहते, वरून बर्फाचं छप्पर पडतं. बाहेरून फक्त शेंड्याचे चार हिरवे काटे दिसतात. त्यावर पाय पडला की माणूस छातीपर्यंत आत, आणि स्नोशू खाली फांद्यांत अडकलेला. धडपड केली तर वरचा आणखी बर्फ आत येतो. आधी पिशवी काढायची, ती बाजूला आडवी टाकून तिच्यावर अंग पसरायचं, आणि हात खाली घालून शांतपणे स्नोशू सोडवायचा. सोबत्याने जवळ न येता काठी पुढे करायची. वाट सोडू नये असं म्हणतात त्याचं कारण हे. शिस्त वगैरे नंतर.

तळ्यापलीकडे, अ‍ॅडिरोंडॅकच्या हाय पीक्स भागात, याबाबत सरळ नियम आहे: आठ इंचांच्या वर बर्फ असेल तर पायात स्नोशू किंवा स्की हवेच. बर्लिंग्टनच्या बाजूला मात्र भिस्त शिष्टाचारावर. नियम बरा की शिष्टाचार, यावर इथले लोक बिअरचा ग्लास समोर ठेवून तासभर भांडू शकतात. नियम सोयीचा आहे यात शंका नाही. पण ज्याची चकती भोकात राहिली त्याच्यावर पुरतं चिडता येत नाही. मायक्रोस्पाइक्स आणलेले असणार, काठ्या आणलेल्या होत्या, म्हणजे तो निष्काळजी नव्हता. त्याने पायाखालची वाट पाहिली, आणि ती सकाळची होती. उतरताना पहिल्या भोकानंतर त्याला कळलंच असेल. मग पुढचे दोन किलोमीटर प्रत्येक पाऊल जपून, आणि तरीही दर वीस पावलांना धप्प. नडगी सोलली असेल. चिडायचं तर वळसा घालणाऱ्यांवर चिडावं. त्यांच्यातल्या काहींच्या पायांत स्नोशू होते.

मॅन्सफिल्डच्या माथ्याजवळ बर्फ मोजायची एक काठी आहे, १९५४ पासून तिच्यावरच्या नोंदी आहेत. २ एप्रिल १९६९ ला तिच्याजवळ १४९ इंच भरला होता, जवळजवळ पावणेचार मीटर. एरवीही बर्फ सगळ्यात खोल मार्चच्या उत्तरार्धातच असतो, शहरात लोक सायकली बाहेर काढत असतात तेव्हा. एप्रिलमध्ये तो उतरू लागतो, आणि मग एक गंमत दिसते. बाजूचा सैल बर्फ आधी वितळतो. मळलेला, दाबलेला बर्फ मागे राहतो. रानात सगळीकडे ओला काळा पाचोळा, आणि त्यातून फूट-दीड फूट रुंदीचा, गुडघाभर उंच पांढरा बांध वळणं घेत वर गेलेला. इथे त्याला मोनोरेल म्हणतात. हिवाळाभर त्या वाटेने गेलेल्या सगळ्यांची पावलं त्यात साठलेली. त्यावरून चालणं म्हणजे ओल्या बांधावरून चालणं, आणि जिथे मार्चमधलं भोक तसंच राहिलं होतं तिथे बांध तुटलेला. तो पुरता वितळेपर्यंत चिखल झालेला असतो, आणि मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत उंचावरच्या वाटांवर जाऊ नका असं सांगतात. ओल्या मातीत पडलेलं भोक बर्फातल्यासारखं बुजत नाही.

बर्फातलं बुजतं. दुपारी अडीचला त्या भोकापाशी ते बुजवणं दहा मिनिटांचं काम होतं. आधी हात खांद्यापर्यंत आत घालून चकती काढायची. मग स्नोशूच्या शेपटाने टणक कडा ठेचून आत पाडायच्या, कारण कडा तशीच ठेवून वरून सैल बर्फ टाकला तर ते बुजवणं नाही, सापळा लावणं आहे. मग वाटेचा नाही, बाजूच्या रानातला बर्फ ओढून भरायचा, वीतभर भरला की तुडवायचा, पुन्हा वीतभर, पुन्हा तुडवायचा. शेवटी वाटेच्या पातळीच्या दोन बोटं वर ठेवायचा, बसतो म्हणून. शेजारची दोन भोकंही. ताज्या भरावावर काठी टेकवली तर ती अजून चार बोटं आत जात होती. फरची सावली वाटेवर आली होती आणि पानांवरचं ठिबकणं थांबलं होतं, म्हणजे पारा शून्याखाली उतरायला लागला होता.

खाली, वाटेच्या तोंडाशी नकाशाचा लाकडी फलक आहे. त्याच्या कडेच्या खिळ्यांवर लोक सापडलेल्या वस्तू अडकवतात. त्या दिवशी तिथे लोकरीचा एक हातमोजा होता, लहान मुलाचा, आणि स्नोशूचा तुटलेला रबरी पट्टा. चकतीच्या मधल्या भोकात खिळा बरोबर बसला.